खंडेनवमीला पाहिलेल्या रायफली: पाटण, शिराळा, सांगली

आजोबांची .३७५ मॅग्नम रायफल सध्या बाबांच्या परवान्यावर आहे. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिला सगळे ‘पावणेचारशे’ म्हणतात. बाबांनी सत्तरी ओलांडली. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून, त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. अर्ज करायचा की परवानाधारक विक्रेत्यामार्फत रायफल विकून टाकायची, हा विषय घरात बरेच दिवस घोळत होता. शेवटी बाबाच म्हणाले, “ज्यांनी अशी रायफल आयुष्यभर सांभाळली त्यांना आधी भेटू. खंडेनवमीला कपाटातली हत्यारं बाहेर निघतात. तेव्हाच जाऊ.”

आमची रायफल घरीच कुलपात ठेवली आणि आम्ही दोघं गाडीने निघालो. भेटलेल्या कुणाचंही नाव किंवा गाव इथे लिहिलेलं नाही. कुणाच्या घरात कोणतं हत्यार आहे ही चार लोकांत सांगायची गोष्ट नाही. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही हा नियम पाळा, विशेषतः फोटो टाकताना.

अष्टमी: सातारा ते पाटण

साताऱ्यात राजवाड्याजवळ कंदी पेढे घेतले आणि उंब्रजला महामार्ग सोडला. मल्हारपेठ येईपर्यंत परतीच्या पावसाने गाठलंच. दुपारी कडक ऊन आणि चारनंतर ढगांचा गडगडाट, असं सगळे दिवस चाललं होतं. कोयनेचं पाणी अजून गढूळ होतं आणि काठच्या भाताला नुकत्याच लोंब्या धरल्या होत्या.

ज्यांच्याकडे उतरलो ते तात्या पंच्याऐंशीच्या पुढचे. बाबांची आणि त्यांची ओळख जुनी, सैन्यभरतीच्या काळातली. घरात घट बसलेले, त्यामुळे रात्री वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. काकींनी त्यात आमसूल आणि जिरं असं काही जमवलं होतं की बाबांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

जेवणानंतर पडवीत बसलो तर खालच्या शिवारातून फटाके ऐकू आले. गवे उतरले होते. तात्यांचा मुलगा विजेरी घेऊन गेला आणि तासाभराने भिजून परत आला. म्हणाला, आठ-दहा होते, मधे एक वासरू होतं, वरच्या अंगाला गेले. गवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात गवा पाडणारी रायफल असूनही या घराने एवढ्या वर्षांत त्याच्यावर ती कधी उचलली नाही. पीक गेलं की पंचनामा, मग वनखात्याकडे भरपाईचा अर्ज. “रायफल कशापायी ठिवली मग, आसं समदी इचारत्यात,” तात्या म्हणाले. उत्तर त्यांनी लगेच दिलं नाही.

इथे एक कामाची गोष्ट. कोयना हे १९८५ पासूनचं अभयारण्य आहे आणि आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवावं लागतं. त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची आधी संमती लागते. आणि अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला मनाई आहे, मग परवाना खिशात असला तरी. तात्यांकडे नोंदणीचा कागद परवान्याच्या पुस्तकालाच टाचलेला होता.

खंडेनवमी: कोयनाकाठी

सकाळी पाऊस नव्हता. देवघरासमोर घोंगडी अंथरून त्यावर कोयता, विळे, नांगराचा फाळ, तात्यांच्या आजोबांची तलवार आणि मधोमध ती रायफल. झेंडूची माळ घालण्याआधी तात्यांनी बोल्ट (काडतूस नळीत लोटणारा, मागे-पुढे सरकणारा पोलादी दांडा) मागे ओढून काढून घेतला, नळीतून उजेडाकडे पाहिलं, मग मला दाखवलं. नळीत आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, स्वच्छ, कडा धारदार. साठ-सत्तर पावसाळे कोयनाकाठी काढलेल्या नळीत गंजाचा एक ठिपका नसावा याचं मला फार आश्चर्य वाटलं.

रायफल विलायती, माउझरच्या १८९८ च्या पद्धतीची. पॉल माउझरने बोल्टच्या बाजूला लांब पोलादी पंजा दिला. मॅगझिनमधून काडतूस वर येताना हा पंजा त्याची कड पकडतो आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेलं .३७५ चं काडतूस तळहातावर ठेवलं की मधल्या बोटापेक्षा लांब भरतं. बुडाशी पितळी पट्टा, अंग पुढे निमुळतं होत गेलेलं. त्या निमुळतेपणामुळे उष्ण देशातही पुंगळी नळीत अडकत नाही. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस ग्रॅम, आणि वेग सेकंदाला सुमारे ७६० मीटर. हे आकडे मला ठाऊक होते. तात्यांनी जे सांगितलं ते मात्र कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

तरुणपणी त्यांच्याकडे आधी .३१५ होती, इशापूरच्या सरकारी कारखान्याची, जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलच्या घडणीची. तिचं काडतूस आखूड, हात तेवढाच मागे न्यायची सवय. मग वडिलांची ही पावणेचारशे हातात आली. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा होता, शिकारीचं लायसन मिळायचं, त्या काळची गोष्ट. रानडुकराला पहिली गोळी निसटती लागली आणि ते वळून अंगावर आलं. तात्यांनी बोल्ट ओढला आणि लोटला, चाप दाबला, नुसता खट् आवाज. सवयीने बोल्ट अर्धाच मागे आला होता. पुंगळी बाहेर पडायच्या आतच परत नळीत गेली होती. डुक्कर त्यांच्या कुत्र्याकडे वळलं म्हणून ते वाचले. कुत्रा गेला.

“त्या दिसापासनं रोज पन्नास येळा बोल्ट वडायचो. मोकळ्या नळीवं. पार मागं टेकंस्तवर.” त्यांनी मला बोल्ट ओढायला लावला. मी सावकाश ओढला तर म्हणाले, “भ्याल्यावानी नको. जोरात, आणि शेवटपत्तूर.”

ज्यांच्याकडे मॅग्नम आहे त्या सगळ्यांना हे सांगायला हवं. काडतूस लांब, म्हणून बोल्टचा पल्लाही लांब. सरावासाठी डमी काडतुसं मिळतात. ती माउझरमध्ये वरून मॅगझिनमध्येच दाबून भरावीत. सुटं काडतूस नळीत टाकून बोल्ट आदळला तर पंजाला कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याचा टवका उडू शकतो.

नळीचं गुपित काकींनी सांगितलं. जुन्या विलायती काडतुसांच्या टोपीत (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत एक प्रकारचं मीठच मागे राहतं. ते हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल लावून उपयोग नसतो. काकींच्या सासऱ्यांच्या वेळेपासून या घरात रायफल शिकारीहून आली की आधी चुलीवर पाणी चढायचं. नरसाळ्याने उकळतं पाणी नळीतून ओतायचं, गरम नळी आपोआप सुकते, मग गजाला कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा हलका हात. काकी हे सांगताना रायफलकडे ज्या नजरेने पाहत होत्या, त्यावरून निम्मी रायफल त्यांनीच जगवली हे उघड होतं.

मग दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं लाकूड, पाहिला. अक्रोडाचं लाकूड काळपट तेलकट झालेलं. मुठीच्या बारीक भागात एक आडवी भेग, पितळी पट्टीने जखडलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात घराची भिंत कोसळली आणि कपाट तिच्याखाली गेलं. तिसऱ्या दिवशी रायफल ढिगाऱ्यातून निघाली. तात्यांच्या वडिलांनी पट्टी गावच्या तांबटाकडून ठोकून घेतली. मला अजून एक बारीक रेघ दिसली, बोल्टच्या मागे जिथे लोखंड लाकडात संपतं तिथून उभी मागे गेलेली. तात्या म्हणाले, तीही भूकंपाचीच. त्यांच्या परवानगीने त्या भागाचा तेवढाच फोटो घेतला.

दुपारी नवमीचा बोकड होता. तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी, शेवटी वाटीभर अळणी. जेवून सुपारी कातरताना तात्यांनी रात्रीचं उत्तर दिलं. “बाऽनं इस्वासानं दिली. १९७२ चा कायदा झाला तवा लई जणांनी इकल्या. मी म्हणलं, शिकार न्हाई तर न्हाई. पन सांभाळणं तर माज्या हातात हाय.”

दसरा: कराडमार्गे शिराळा

कराडला प्रीतिसंगमावर थोडं थांबलो. घाटावर गर्दी, झेंडूचे ढीग. मग उंडाळ्याच्या रस्त्याने कोकरूडकडे. हा रस्ता मला महामार्गापेक्षा कितीतरी आवडतो. डोंगर जवळ येतात, ऊस मागे पडतो, भात सुरू होतो.

वारणेच्या खोऱ्यात आमचे दुसरे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्याकडची .३७५ अमेरिकन आहे, विंचेस्टरचं मॉडेल ७०. सासऱ्यांकडून पत्नीकडे आली आणि पत्नी गेल्यावर वारस म्हणून त्यांच्याकडे. तात्यांच्या घरात भक्ती होती तशी इथे शिस्त. भिंतीला बोल्टने जखडलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. एक वही, त्यात प्रत्येक काडतुसाचा हिशेब: कधी घेतलं, परवान्यावर कधी नोंदलं, कधी उडवलं. वही लिहिते त्यांची सून. रायफल पुसतेही तीच, पण सुभेदार समोर बसलेले असतानाच. परवाना त्यांचा आहे, म्हणून हा त्यांचा घरचा दंडक.

सुभेदार परवानगी घेऊन रीतसर नेमबाजीच्या रेंजवर जातात आणि मोजक्या गोळ्या उडवतात. विलायती काडतुसं इतकी महाग की त्याहून जास्त उडवणं त्यांना शक्य नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वर्षानुवर्षं न उडवलेल्या रायफलीबद्दल मालकाला काहीच माहीत नसतं, आणि अशा माणसाकडे मोठ्या बोअरचं हत्यार नसलेलं बरं. मला हे शंभर टक्के पटलं.

दणक्याबद्दल मी मुद्दाम विचारलं. .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलचा जेवढा, त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण .३१५ सारखी सणसणीत चपराक नसते, सगळा खांदाच मागे लोटला जातो, असं त्यांचं वर्णन. त्यांनी मला रिकामी रायफल धरायला लावून चुका दाखवल्या. दस्ता बाहीच्या कडेवर नको, खांद्याच्या खोबणीत घट्ट. गाल लाकडाला टेकलेला. पुढचा हात सैल सोडायचा नाही. पालथं झोपून मॅग्नम उडवायची नाही, कारण अंगाला मागे सरकायला जागा राहत नाही आणि सगळा मार हाडावर येतो. उभं राहून किंवा उंच बाकावर बसून उडवायची. दुर्बीण लावली असेल तर भुवईपासून तीन-साडेतीन इंच लांब, नाहीतर कपाळ फुटतं. हे सांगताना सुनेने स्वतःच्या भुवईवरचा व्रण दाखवला. बावीस बोअरच्या रायफलची दुर्बीण हिच्यावर बसवली होती, तिला डोळा फार जवळ न्यावा लागायचा. (तिचा स्वतःचा परवाना आहे आणि घरात नेम तिचाच सर्वांत चांगला, असं सुभेदारांनी अभिमानाने सांगितलं.)

या वहीत एक नोंद मला फार महत्त्वाची वाटली. जूनमध्ये रेंजवर गोळ्या उजवीकडे आणि वर लागल्या. फेब्रुवारीत तीच रायफल, तीच काडतुसं, सगळं मधोमध. चांदोलीच्या पायथ्याचा पाऊस काय असतो ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं. हवेतली ओल पिऊन लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने रेटतं आणि नेम सरकतो. म्हणून नेम लावायचा तर कोरड्या दिवसांत, आणि पावसाळ्यात त्यावर विसंबायचं नाही. रायफल चामड्याच्या किंवा कापडाच्या म्यानात कायमची ठेवू नये, ही दुसरी गोष्ट. म्यान ओल धरून ठेवतं. प्रवासापुरतं ठीक.

संध्याकाळी गावचं सीमोल्लंघन. आपट्याची पानं वाटली, पोरांनी टोपीत घटातल्या धान्याचे पिवळे कोंब खोवले होते. पुरणपोळी आणि कटाची आमटी जेवताना पुन्हा पावसाने झोडपलं आणि दिवे गेले. कंदिलाच्या उजेडात सुभेदार आणि बाबा १९६५ च्या लढाईतल्या ओळखीच्या माणसांबद्दल बोलत बसले. मला पडल्या पडल्या कधी झोप लागली कळलं नाही.

एकादशी: सांगली

पेठ नाका, आष्टा, सांगली. रस्ता सरळ, उसाच्या गाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या. गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतला आणि बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराकडे गेलो. दुकान लहान, भिंतीवर बारा बोरच्या नळ्या, खाली शिसवी आणि अक्रोडाचे ओंडके. माणूस कमी बोलणारा. मी तात्यांच्या दस्त्याचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“आडवी भेग पडल्याची आहे. उभी दणक्याची,” तो म्हणाला.

मग त्याने एक सुटी माउझर उलटी करून समजावलं. नळी जिथे बोल्टच्या घराला मिळते तिथे खाली एक लोखंडी ठोकळा असतो. बार निघाला की मागे येणारा सगळा जोर त्या ठोकळ्याने लाकडातल्या खाचेवर झेलायचा. खाचेतलं लाकूड मऊ पडलं की ठोकळ्यामागे फट राहते. मग जोर जातो मागच्या निमुळत्या लोखंडी शेपटीवर आणि ती पाचरीसारखी दस्ता उभा चिरते. लाकूड मऊ का पडतं? तेलाने. रायफल दस्त्यावर उभी ठेवली की नळीतलं आणि बोल्टमधलं जास्तीचं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि नेमकं त्या खाचेत मुरतं. तात्यांचा दस्ता काळा का होता ते तेव्हा कळलं. दर खंडेनवमीला हात भरून तेल, आणि मग कपाटात उभी.

उपाय आहे. तेल शोषून काढायचं, खाच घट्ट भरून घ्यायची, आडवा पोलादी बोल्ट टाकायचा. रायफल न बदलता होतं. तोवर एकही गोळी उडवायची नाही. तिथूनच तात्यांच्या मुलाला फोन केला. तात्या मागून मोठ्याने विचारत होते, “म्हंजी त्याल लावायचंच न्हाई का?” कारागिराने फोन घेऊन शांतपणे सांगितलं: “लावायचं आबा, पण चिंधीला लावून पुसून घ्यायचं. शिलाई मशिनचं पातळ तेल. खोबरेल किंवा गोडंतेल नको, ते चिकटतं. आणि रायफल नळी खाली करून उभी ठेवा, नळीच्या टोकाखाली फडकं.” तात्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

आमच्या रायफलीचे कागद आणि नळीवरच्या ठशांचे फोटो मी नेले होते. ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द पाहून तो समाधानाने मान हलवू लागला. म्हणजे नळी धूरविरहित दारूच्या दाबाला तपासलेली आहे. ठशात कॉर्डाइट दारूचं आणि गोळीचं वजनही आहे. उन्हात तापलेल्या कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून जुनी काडतुसं घरात सापडली तर ती उडवून पाहू नयेत, विक्रेत्याला किंवा पोलिसांना दाखवावीत, असं त्याने बजावलं. आमच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळची काही आहेत. बाबांच्या परवान्यावर ती नोंदलेली आहेत, हे तिथेच तपासून घेतलं.

मुक्काम धाकट्या बहिणीकडे होता. तिने आमच्यासाठी उपवासाची भगर आणि रताळ्याचा कीस केला होता. कॉलेजात एनसीसीत तिने बावीस बोअर रायफलीने बक्षिसं मिळवली होती, हे मी जवळजवळ विसरलो होतो. बाबा विसरले नव्हते. सुभेदारांच्या सुनेची वही पाहिल्यापासून ते फार काही बोलले नव्हते. ताट बाजूला सारून त्यांनी तिलाच विचारलं, “तुझ्या नावावर करू?”

ती लगेच हो म्हणाली नाही. तिजोरी कुठे बसवायची, शाळकरी मुलगा घरात आहे त्याचं काय, रेंजवर वर्षातून किती वेळा जाणं जमेल, असं सगळं तिने आधी विचारलं. मग म्हणाली, आधी लाकूड दाखवून घेऊ, आणि शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण मी घेते, त्याचा दाखला अर्जाला लागतोच. मला यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मी फिरतीवर असतो. माझ्याकडे ती रायफल नुसती कुलपात राहिली असती.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी: मुलगीही वारस आहे, आणि अर्ज ती राहते त्या जिल्ह्यात करायचा. बाकी वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवून कागदांची वाट पाहत बसू नये. ते लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, नाहीतर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा कुटुंबावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे. निवडणुकीत हत्यार जमा करायची वेळ आली तर पावतीवर क्रमांकाबरोबर दस्ता आणि नळीची स्थितीही लिहून घ्या. सुभेदार तसं करतात.

माझं प्रतिज्ञापत्र बहिणीच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी तयार करून दिलं. कार्तिकात बाबा स्वतः परवाना घेऊन रायफल सांगलीच्या कारागिराकडे नेणार आहेत. पाटणवरून तात्यांची रायफलही त्याच आठवड्यात येते आहे.